मागच्या गेटनं जाणार नाही

म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या वसाहतीत कुणी मरत नाही. हे मला त्यांच्या माहितीपत्रकातनं कळलं. गुळगुळीत जाड कागद, बारा पानं आणि पानोपानी पांढऱ्या केसांची, सगळे दात शाबूत असलेली जोडपी हसतायत. न घसरणाऱ्या फरशा, संडासात धरायला दांडा, पलंगाशेजारी घंटा, चालायला वाट, ध्यानाला खोली. सगळं होतं. मी स्वतः पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासनं तेच करतेय. बसच्या फेऱ्यांसाठी, नळाच्या पाण्यासाठी, आमच्या सीमाभागात सरकारी कागद मराठीत मिळावेत यासाठी. त्यामुळं दुसऱ्याचं पत्रक हातात आलं की काय लिहायचं टाळलंय ते मी आधी शोधते.

आप्पांनी मात्र मजकूर वाचलाच नाही. त्यांनी शेवटच्या पानावरचा घराचा नकाशा उघडला, कानामागची सुतारी पेन्सिल काढली आणि दारांवर खुणा करायला लागले.

आप्पा म्हणजे माझे वडील. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत छत्तीस वर्षं पॅटर्न मेकर. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारा माणूस. नमुना मापापेक्षा किंचित मोठा करायचा, कारण लोखंड थंड होताना आकसतं. किती आकसेल ते आप्पा नुसतं बघून सांगायचे.

वडगावात आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. खाली घरमालकाचे यंत्रमाग. ते सुरू झाले की ताटातली आमटी थरथरायची. जिना असा की समोरनं कुणी आलं तर एकानं मागं फिरायचं. दोन वर्षांपूर्वी समोरच्या खोलीतले काका गेले. आप्पांचे कारखान्यातले जोडीदार. त्या जिन्यातनं माणूस आडवा उतरत नाही. म्हणून काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, काकूंच्या लुगड्यानं बांधलं आणि चौघांनी खाली आणलं. आप्पा खालच्या बाजूनं खुर्चीचे पाय धरून होते. वळणावर काकांचं डोकं भिंतीला आपटलं तसे आप्पा ओरडले, "सावकास रं! लागंल त्येला."

कुणी हसलं नाही.

दहावं झाल्यावर आप्पा आईला म्हणाले, "मला खुर्चीत बांधून उतरवायचं न्हाय." आमच्या घरशोधाची सुरुवात ही. गावाकडं येळ्ळूरच्या घरात चुलत्यांची तीन बिऱ्हाडं, तिथं जागा नव्हती. लोकांना आम्ही सांगायचो, आप्पांचे गुडघे दुखतात.

वसाहत शहराबाहेर, नवी कोरी. नमुन्याचं घर दाखवायला विक्री विभागाचा एक टायवाला आला. माझ्याच वयाचा, बोलायला गोड.

"ही बघा अंकल, बेल. दाबली की दोन मिनिटांत नर्स."

"आन् दाबायच्या आधीच गेलो तर?"

"असं काय बोलताय अंकल! शुभ बोला."

आप्पांनी खिशातनं टेप काढली. आधी इमारतीतली लिफ्ट मोजली. "ह्यात उभा माणूस जातोय," म्हणाले आणि फ्लॅटचा विषय तिथंच संपवला. मग रो-हाऊस. झोपायच्या खोलीचं दार मोजलं, बाहेरचं मोजलं, मधली वाट मोजली. तरी समाधान झालं नाही. सरळ दिवाणखान्याच्या चकचकीत फरशीवर उताणे झोपले.

"अवो, उठा की! लोकं बघायल्यात," आई पदर तोंडाला लावून म्हणाली.

"बघू देत. हिथं डोसकं, हिथं पाय. पोरी, धर टेप."

मी धरली. वर एक फूट तिरडीच्या कळकाचा, खाली एक फूट, बाजूला खांदा देणाऱ्यांची जागा. मी मुद्दाम विचारलं, "आप्पा, आकसायचं धरलं न्हाईसा?"

"लोखंड थंड झालं की आकसतंय. माणूस थंड झाला की ताठतोय. उलट चार बोटं जादा धर."

टायवाला नमुन्याच्या सोफ्यावर बसला. त्यावर बसायला परवानगी नव्हती बहुतेक, प्लास्टिक करकरलं. पण आप्पा खूश होते. पलंगापासनं रस्त्यापर्यंत वाट सरळ होती. घर पसंत.

मग ऑफिसात नियमांचं पुस्तक आलं. मी मराठीत मागितलं. "इंग्लिश आणि कन्नड आहे, मॅडम." या विषयावर माझं तासाभराचं भाषण कायम तयार असतं, पण त्या दिवशी आईनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला होता. म्हणून मी इंग्रजी पुस्तकच मराठी करत मोठ्यानं वाचायला लागले. कुत्रं पाळायचं तर विचारून. समोरच्या बाजूला कपडे, वाळवण घालायचं नाही.

"मग सांडगं काय पंख्याखाली वाळवू?" आई.

आणि मग ते कलम. कुणाचं निधन झाल्यास देह मागच्या सेवाद्वारानं न्यावा. आवारात तिरडी बांधू नये, लोक जमवू नयेत. इतर रहिवाशांच्या मनःस्वास्थ्याचा विचार करावा.

आप्पांनी टायवाल्याला विचारलं, "कचऱ्याची गाडी कुठल्या गेटनं जाते रं?"

"मागच्याच, अंकल. सर्व्हिस गेट आहे ते."

आप्पांनी टेप खिशात घातली. "छत्तीस वर्षं मी कारखान्यात मागच्या गेटनं शिरलोय. फुडचं गेट सायबाच्या गाडीला. जित्तेपणी सोसलं. मेल्यावर न्हाय."

आतनं मॅनेजर आला. समजावणीच्या सुरात म्हणाला, वयस्कर लोकांना असलं काही बघायला नको वाटतं.

कुणाला नको वाटतं? कुणी विचारलं होतं? ज्या माणसानं आपले आईबाप, भाऊ, शेजारी पोचवले, सोबत्याच्या खुर्चीचे पाय धरले, त्याला मरण दिसलं तर त्याचं मनःस्वास्थ्य बिघडतं म्हणे! बिघडतो तो तुमचा पहिल्या पानावरचा फोटो. चार दिवसांनी येणाऱ्या गिऱ्हाइकाला तिरडी दिसू नये म्हणून माणसाला कचऱ्याच्या वाटेनं काढायचं आणि त्याला इतरांच्या काळजीचं नाव द्यायचं. हे सगळं मी तिथं मोठ्यानं बोलले. शेवटी आईनंच मला बाहेर ओढलं.

घरी येऊन मी तासाभरात पत्रक लिहिलं. मथळा, 'हसत या, लपून जा!' आप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि पेन्सिल घेऊन बसले. माझं 'षड्यंत्र' गेलं, 'भांडवली क्रौर्य' गेलं. चाळीस ओळींच्या सात राहिल्या. मी भांडले.

"साचा जड झाला की उचलत न्हाय, पोरी. मागचं गेट एवढंच ठेव. त्येवढंच पुरंल."

रविवारी तिथं घरं बघायला गाड्या येतात. आम्ही दोघं गेटसमोर रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. आई आली नाही. वॉचमन हळूच म्हणाला, "आक्का, त्या झाडापास्नं पलीकडं सरकारी रस्ता हाय. तिथनं वाटा." निपाणीकडच्या, चिकोडीकडच्या गाड्या. पहिली काही पत्रकं घडी होऊन थेट खिशात गेली. मग एक कन्नड बोलणारं जोडपं उतरलं. आजींनी कागद उलटसुलट केला आणि परत माझ्या हातात दिला. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. आप्पा पुढं झाले आणि फाउंड्रीत शिकलेल्या कन्नडमध्ये त्यांना सगळं सांगितलं. आजींनी कपाळावर हात मारला. ह्यांना मी कचऱ्याच्या वाटेनं पाठवू काय, असं त्या कन्नडमध्ये मोठ्यानं म्हणाल्या. ते 'हे' शेजारीच उभे होते, चांगले ठणठणीत, कमरेवर हात ठेवून.

आप्पा माझ्याकडं वळले. "मागच्या बाजूला कन्नड का न्हाय छापलंस?"

"आपली पत्रकं मराठीतच असतात."

"मरायला कुणाचं भाषेवाचून अडलंय गं?"

मी रस्त्याखालच्या मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि शाळेत सक्तीची म्हणून तोंड वाकडं करत गिरवलेल्या कन्नड अक्षरांत त्याच सात ओळी उरलेल्या पत्रकांमागं लिहीत गेले. चुका आजी दुरुस्त करत होत्या. आमच्या कार्यकर्त्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही. आता कळेल. मराठी कागदाची माझी मागणी उभीच आहे, त्यात तसूभर फरक नाही. पण त्या आजींना त्यांच्या अक्षरात कागद का दिलास, असं कुणी मला विचारलं तर त्यालाही उत्तर देईन.

दुपारपर्यंत ऑफिसात गर्दी झाली. जो तो पुस्तकातलं ते कलम दाखवा म्हणत होता. घरं बघायला कुणी जाईना. मॅनेजरनं आप्पांना बाजूला बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. "अंकल, तुमच्यापुरतं बघतो. तुमची वेळ आली की मेन गेट उघडू. शब्द देतो."

"माझी वेळ आली की आठवण कराय मी नसणार रं. आत्ता खोड. सगळ्यांचंच खोड."

त्या दिवशी खोडलं नाही. पंधरा दिवसांनी फोन आला. नवं पान छापलं होतं. दारात तिरडी बांधता येईल, देह मुख्य गेटनं जाईल. 'गर्दी टाळावी' एवढं खाली राहिलं होतं. मी त्यावरही भांडायला निघाले, आप्पांनी थांबवलं. "ऱ्हाऊ दे. गर्दी कागदाला ऐकत न्हाय."

राहता राहिलं घर कुठलं घ्यायचं. आप्पांनी वसाहतीच्या नकाशावर अगदी आतलं, शेवटचं घर दाखवलं. मला कळेना, गेटजवळची रिकामी असताना हे का? तर म्हणाले, "हितनं निघालो की गेटपतोर सगळ्या गल्लीला बघायला लागंल."

आईनं नकाशा आपल्याकडं ओढला. "तुमी एकदाच जाणार. मी रोज भाजीला जाणार. गेटजवळचंच घ्यायचं."

गेटपासनं तिसरं घर घेतलं. आप्पांनी एक अट घातली आणि ती मला उरलेल्या पत्रकाच्या पाठीवर लिहायला लावली. बाहेर काढल्यावर आधी आत वळायचं, सगळ्या वसाहतीतनं एक फेरी मारायची, मग मुख्य गेट. मडकं धरून पुढं पोरगी. खाली सही केली. तो कागद आता देवळीत असतो.

ही वसाहत पूर्वीच्या भाताच्या शेतावर उभी आहे हे मला ठाऊक आहे. त्यावर मी पत्रक काढलंय, माझ्या बापाच्याच घरात बसून लिहिलेलं. साथी टोमणे मारतात. मारू देत.

आप्पा रोज सकाळी स्वेटर घालून बाहेर पडतात. गेटकडं जात नाहीत. आत वळतात, शेवटच्या घरापर्यंत जातात, वळसा घालून ध्यानाच्या खोलीवरनं गेटाशी येतात. परवा टायवाला भेटला. कौतुकानं म्हणाला, "अंकल, रोज वॉक? छान, छान!"

"वॉक कसला रं," आप्पा म्हणाले. "रस्ता बघून ठेवायलोय."