एका चारीतल्या दोन लाइनी

चोपड्याच्या एका दवाखान्याची लाइन टाकायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा माझ्यापेक्षा आबांनाच, म्हणजे माझ्या वडिलांनाच, जास्त आनंद झाला. मी जळगावात नेटवर्कचं काम करते हे त्यांना ठाऊक होतं, पण ते गावाला दाखवायचं कसं? आता दाखवायला निदान खड्डा तरी मिळाला.

काम साधंच. दवाखान्यातले मेंदूचे स्कॅन क्लाउडवर जायचे आणि जळगावचे डॉक्टर ते तिथून उघडून पुढचा उपचार सांगायचे. इंटरनेटच्या गर्दीत हे स्कॅन रखडायचे, म्हणून दवाखान्यापासून थेट क्लाउडवाल्यांच्या मुंबईतल्या केंद्रापर्यंत खासगी लाइन घेतली. एक तुटली तर दुसरी हवी, म्हणून दोन कंपन्यांच्या दोन. दोन्ही कंपन्यांनी वेगवेगळ्या वाटेनं यायचं कबूल केलं होतं.

पण रस्त्याच्या कडेला खडक लागला आणि दोन्ही कंपन्यांचे ठेकेदार आगेमागे रस्त्याला लागून असलेल्या आबांच्याच केळीच्या वावरात शिरले. पहिल्याला आबांनी केबलसाठी चारी खोदू दिली, वर चहा पाजला. दुसरा आला तेव्हा ती चारी अजून बुजवायची होती. पोरीचं काम अडू नये म्हणून आबा त्याला म्हणाले, "खोदेल शे ना, मंग दुसरी कशाले? यामाच टाका. मनी पोरनं काम शे." ठेकेदाराला तेच हवं होतं. आबा मला काही बोलले नाहीत. त्यात सांगण्यासारखं काय, असं त्यांना वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात वावरातली पाण्याची पाइपलाइन फुटली. केळीनं माना टाकल्या, म्हणून आबांनी एका दुपारी जेसीबी बोलावला. माझ्या ऑफिसातल्या स्क्रीनवर दोन्ही लाइनी एकदम लाल झाल्या. एक तुटली असती तर समजू शकले असते. दोन्ही एकदम?

त्याच दुपारी आमच्या शेजारच्या अक्का शेतात तण निंदता निंदता कोसळल्या होत्या. त्यांचा स्कॅन निघाला, पण पुढे जाईना. मोबाइलच्या नेटवरून सरकत सरकत तो डॉक्टरांपर्यंत पोचला, तोवर संध्याकाळ झाली होती. अक्का वाचल्या, उजवा हात लुळा पडला. वेळेत मिळाला असता तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चारीत दोन्ही केबली शेजारी शेजारी तुटलेल्या बघितल्या आणि मी आबांवर ओरडले. नंतर दुसऱ्या ठेकेदारावर, त्याच्या कंपनीवरही ओरडले, पण ते निर्ढावलेले. लागलं ते आबांनाच. दुसऱ्या लाइनीसाठी वावराच्या पलीकडच्या कडेनं नवी चारी काढावी लागणार होती आणि तिथे घड धरलेली केळी उभी होती. मी तोंड उघडायच्या आत आबा विळा घेऊन गेले आणि एकेक झाड आडवं करत सुटले. कोणाला हात लावू दिला नाही.

आता दोन्ही लाइनी वेगळ्या वाटेनं जातात. मी स्वतः चालत जाऊन बघितलंय. 'मनी पोरनी लाइन' असं आबा आता कोणाला सांगत नाहीत. गावात कुठे जेसीबीचा आवाज आला की त्यांचा फोन येतो.

"चालू शे का?"

"चालू शे, आबा."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तरी ते फोन ठेवत नाहीत. मागून शेजारच्या अक्कांचा आवाज येत असतो. पोलक्याची बटणं लावून द्यायला त्या सुनेला हाक मारत असतात.