बबिताच्या लग्नातला ढावलो

पुसदले बादल राठोडचं फॉर्म भराचं दुकान, अन् त्याच्या बाजूले माहं वह्या-पुस्तकाचं. मानूस सोन्यासारखा, पन हात लय घाईचे. दिवसभर गर्दी, स्क्रीनवर कोनताबी निरोप आला की न वाचता बंद कराच्या फुलीवर बोट. त्यापायी मी त्याले कितीदा झापलं असन.

त्याची माय मानीबाई तांड्यावर राह्यते. पोरगी सासरी निघाली की गळ्यात पडून रडत ढावलो, म्हंजे निरोपाचं गानं म्हनाचं, ही बंजाऱ्याहिची रीत. मानीबाईसारखा ढावलो आता कोनाले येत नाई. पन घरची पोरगी निघाल्याबिगर तो तोंडातून काढाचा नाई, अपशकुन होते, असं ती मानते. तो रेकॉर्ड करू दे म्हनून बादलनं वर्षानुवर्षं मिनतवाऱ्या केल्या, म्हातारी ढिम्म.

मंदी एकदा गल्लीतल्या एकाच्या कॉम्प्युटरमंदी व्हायरस घुसला, घरचे सारे फोटो गेले. मंग मीच बादलच्या मागं लागलो, लॅपटॉपमंदी सुरक्षेचं सॉफ्टवेअर टाकून घे म्हनून. मीच, दुसरं कोनी नाई.

मार्चमंदी त्याच्या एकुलत्या एका पोरीचं, बबिताचं लग्न झालं. मानीबाई नातीच्या गळ्यात पडली अन् अर्धा तास ढावलो म्हनली. बादलनं जवळ माइक धरून लॅपटॉपवर सारं रेकॉर्ड केलं, सेव्ह दाबलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात इंग्रजीत निरोप आला. याच्या डोळ्यांत पानी, दारात पोरीची गाडी उभी. सवयीनं फुली दाबली, पुढं जे आलं तेही मिटवलं अन् लॅपटॉप बंद केला.

पंधरा दिवसांनी उघडलं त फोल्डर रिकामं. लग्नातल्या पोराहिच्या मोबाइलमंदी नुसता डीजेचा गोंगाट. कॉम्प्युटर दुरुस्त करनाऱ्या विक्कीनं पाहून सांगितलं, त्या सॉफ्टवेअरनं फोल्डरले कोनाले हातच लावू देल्ला नाई. पाच वर्षांपासून वापरात असलेला रेकॉर्डिंगचा प्रोग्रामही त्याले चोर वाटला. कवा अडवलं, त्याची तारीख-वेळ मात्र बराबर लिहून ठेवली होती. आता काय म्हनावं याले? मले माह्याच थोबाडात मारावं वाटलं.

आम्ही दोघं तांड्यावर गेलो. बादल मायच्या पायाशी बसला, अजून एक डाव ढावलो म्हन, असं म्हने. मानीबाई बराच वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राह्यली.

"घरात आता पोरगी कोन राह्यली रे? जायाची फक्त मीच उरली. माह्या जान्याले मीच कशी म्हनू?"