तिसरा ब्लॉक

आता तुमच्यापासून काय लपवायचं? जन्मभर मी लोकांच्या टोप्या उडवल्या आणि म्हातारपणी एका इंग्रजी शब्दानं माझीच उडवली.

दगडूअण्णा आणि मी अंबडच्या कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर. त्याच्या डब्यातली भाजी पळवून नुसत्या मिरच्या भरून ठेवणारा मीच! रिटायर झाल्यावर त्यानं सरकारी घरांच्या सोडतीत नाव घातलं. मग काय, भेटला की माझं सुरू, "अण्णा, घर मिळेपर्यंत तू टिकशील का?"

एके दिवशी त्याच्या मुलाचा, सुनीलचा फोन. मागं गाड्यांचा गोंगाट, आवाज तुटत होता. कानात शिरलं ते एवढंच, "काका, अण्णांना दोन ब्लॉक निघालेत. घरी या."

आता तुम्हीच सांगा, आमच्या पिढीत ब्लॉक म्हणजे काय? दोन खोल्या, किचन आणि संडास घरातच! आणि 'निघाले' म्हणजे सोडतीतच ना?

पेढे घेतले, झेंडूचा हार घेतला आणि ओरडतच घरात शिरलो. अण्णा कॉटवर आडवा. सगळे गप्प. मला वाटलं, आनंद पचत नाहीये बिचाऱ्यांना. पडल्यापडल्याच त्याच्या गळ्यात हार घातला. म्हटलं, एक भाड्यानं दे, दुसऱ्यात सुखानं नांद.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. सुनीलनं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

"काका, हृदयाच्या नळ्यांत ब्लॉक आहेत. उद्या दवाखान्यात न्यायचंय. आज तरी मस्करी नको होती."

मी आईची शपथ घेतली. पण माझी शपथ कोण खरी धरतो? जन्मात एकदा खरा चुकलो, तर तीही थापच ठरली.

घरी नातीनं त्या शब्दाची कुंडली मांडली. ब्लॉक म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. वाटेत आडवा पडला की वाट अडते, म्हणून पुढं अडथळ्यालाही ब्लॉक. वर हसत म्हणाली, "आजोबा, डोक्याच्या जागी ओंडका असला तर त्यालाही इंग्रजीत शब्द आहे. सांगू?"

नको म्हटलं.

अण्णा आता बरा आहे, नदीवर फिरायला जातो म्हणे. मी रोज फोन लावतो, लागतच नाही. शेवटी नातीला दाखवला. तिनं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय."

बरोबरच आहे. दोन ब्लॉक डॉक्टरांनी काढले. तिसरा ओंडका अण्णानं स्वतःच्या हातानं काढला.