पुढच्याचा हात

आमच्या घरात सायकलचा एकच नियम होता, बाकीचे सगळे त्याचे उपनियम. पुढच्याच्या हाताकडे बघायचं. रस्त्याकडे नाही, गाड्यांकडे नाही, हाताकडे. रस्ता बघायचं काम पुढच्याचं.

पुढे अर्थातच अप्पा, म्हणजे माझे वडील. सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात ते सगळी नोकरी सायकलवर जाऊन आले आणि वाहतुकीचे नियम त्यांना तोंडपाठ होते. दर रविवारी सकाळी काचीगुड्याच्या घरातून आमची वरात निघायची. सगळ्यांत पुढे अप्पा, मध्ये मी आणि शेवटी आई, तिच्या उंच दांड्याच्या हट्टी सायकलवर. सुलतान बाजारातून अफझलगंज, तिथं नदीच्या पुलाजवळ चहा, आणि आल्या वाटेनं परत. हिवाळ्यात आम्ही निघायचो तेव्हा धड उजाडलेलंही नसायचं, म्हणून आई अप्पांच्या उजव्या मनगटाला पांढरा रुमाल बांधून द्यायची. अंधुक उजेडात अप्पा दिसायचे नाहीत, रुमाल दिसायचा.

रुमाल बाजूला ताठ गेला की उजवीकडे वळायचं. गोल फिरला की डावीकडे. खालीवर झाला की हल्लू, म्हणजे हळू. कोपरातून उभा राहिला की थांबा. पाचवी एक खूण होती, हात मागून पुढे झुलवायची. तिचा अर्थ, मला ओलांडून पुढे जा. ती अप्पांनी अंगणात शिकवली, रस्त्यावर एकदाही केली नाही. आपल्याला कुणी ओलांडून जावं हे त्यांना मुळातच पटण्यासारखं नव्हतं.

हाका मारायला बंदी होती. "आवाज रस्ता खाऊन टाकतो," असं ते म्हणायचे. शिवाय पुढच्यानं मागं वळून बघायचं नाही, कारण मागं बघणाऱ्याची सायकल मागच्यासकट पडते. मग आई मागं राहिली तर कळणार कसं? त्यासाठी घंटी. सुलतान बाजार संपता संपता एक सिग्नल होता. तिथं लाल दिवा लागला की अप्पांचा चेहरा खुलायचा. "लाल दिवा चांगला. मागची माणसं येऊन मिळतात." अप्पा पाय टेकून, मान किंचित डावीकडे कलती करून उभे राहायचे. मागून आई धापा टाकत यायची आणि एकदाच घंटी वाजवायची. अप्पा मान हलवायचे आणि मगच पायडलवर पाय ठेवायचे. दिवा हिरवा होऊन गेला असला तरी घंटी वाजेपर्यंत ते हलत नसत, आणि मागच्या रिक्षांनी कितीही बोंब मारली तरी त्यांच्या कानात ती शिरत नसे.

आई गेली आणि रविवार बंद पडले. दोन्ही सायकली जिन्याखाली एकमेकींना टेकून पडून राहिल्या.

माझी मुलगी सातवीत गेली तेव्हा तिनं सायकल मागितली. माझ्या नवऱ्याच्या मते या शहरात मुलीला सायकल देणं म्हणजे तिला रस्त्यावर सोडून देणं. मतं मांडून तो रविवारी उशिरापर्यंत झोपतो. अप्पांनी मात्र कुणाला न विचारता तिला सायकल आणून दिली, तिच्या मागच्या मडगार्डला लाल भिंग लावून घेतलं, मग आपली सायकल बाहेर काढली, तेल घातलं आणि नातीला बोलावून रुमाल तिच्या हातात दिला. तिनं तो त्यांच्या मनगटाला बांधला. मग मलाही आईची सायकल काढावी लागली. वरात पुन्हा निघाली. पुढे अप्पा, मध्ये मुलगी आणि शेवटी मी.

आता या शहरात सायकलवाल्याला नियम शिकवणं ही एक गंमतच आहे. मोटारसायकली उलट्या बाजूनं येतात आणि वर आपल्याकडेच डोळे वटारून बघतात. यू-टर्न इतके लांब नेऊन ठेवलेत की माणसाला सरळ चालीनं जगणं परवडत नाही. या सगळ्यातून अप्पा डावी कड धरून, हात दाखवत, शांतपणे जात होते आणि त्यांच्यामागे माझी मुलगी डोळे रुमालावर लावून चालली होती. मला बरं वाटलं, हे खरं आहे.

सुलतान बाजार संपता संपता रुमाल उभा राहिला. मुलगी थांबली, मी थांबले. समोर काहीच नव्हतं. तो सिग्नल केव्हाच गेला. वरून मेट्रो जाते, चौकाच्या जागी जाडजूड खांब उभे आहेत आणि रस्ता सरळ पुढे निघून जातो. अप्पा मात्र रस्त्यातच पाय टेकून, मान डावीकडे कलती करून उभे.

मागून आलेला रिक्षावाला वैतागला. "कायकू ठैरे चचा? इधर सिग्नल-विग्नल कुच नै."

"लाल है," अप्पा म्हणाले.

रिक्षावाल्यानं वर मेट्रोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गाडी वळवून गेला. काही वेळानं अप्पा आपणहून निघाले. पुलाजवळ चहा पिताना मी विचारलं, तर म्हणाले, "लाल होता म्हणून थांबलो. तू काय लाल तोडतेस का?"

पुढच्या रविवारी तेच. या वेळी माझा संयम सुटला आणि मी वैतागून घंटी वाजवली. अप्पांनी मान हलवली आणि पायडल मारलं. मला वाटलं, जमलं, औषध सापडलं. त्यानंतर मी दर रविवारी त्या खांबापाशी एकदा घंटी वाजवायची आणि अप्पा निघायचे. म्हाताऱ्या माणसाचं एक खूळ, त्यावर लेकीची एक युक्ती, आणि काय. फक्त एक गोष्ट मला आवडत नव्हती. घंटी वाजली की त्यांच्या पाठीचा ताठपणा एकदम उतरायचा, आणि त्यांना वाटणारा तो आनंद माझ्यासाठी नाही, हे मला मागूनही कळायचं.

हिवाळ्याच्या तोंडाशी मुलगी संध्याकाळी शिकवणीहून उशिरा आली. सायकलचं पुढचं चाक वाकडं, कोपर सोललेलं. एका मोटारसायकलवाल्यानं मागून धडक दिली होती. म्हणजे तो कसाबसा बाजूला निघाला म्हणून धक्क्यावर भागलं. जखम धुताना मी विचारलं, कुठं झालं? तिनं खांबाची जागा सांगितली.

"तू रस्त्याच्या मध्ये काय करत होतीस?"

"थांबले होते. लाल होता ना, मम्मी."

मी कापूस खाली ठेवला. "तुला दिवा दिसला?"

"दिसत नाही. पण तिथं थांबावं लागतं." तिनं हे इतकं सहज सांगितलं, जसं काही जिन्याला पायऱ्या असतात असं सांगावं. "मी मागून घंटी वाजायची वाट बघत होते. पण आज वाजलीच नाही, तो एकदम आलाच."

मला भीती वाटली. तोवर जे मी अप्पांच्या वयाचं खूळ समजत होते, ते आता माझ्या मुलीच्या पायात उतरलं होतं. ती एकटी असताना, मागे कुणी नसताना, गाड्यांच्या मध्ये उभी राहून घंटीची वाट बघत होती. पुढच्या वेळी मोटारसायकलच्या जागी बस असेल, हे कळायला फार डोकं लागत नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मी अप्पांसमोर बसले. आता यापुढे तुम्ही पुढे नाही, मी पुढे, असं सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, याचंच मला नवल वाटलं.

"पोरीला फार लागलं का?"

"लागलं असतं."

"हं." बराच वेळ ते रुमालाची घडी घालत बसले. मग म्हणाले, "तू पुढं. पोरगी मधी. मग शेवटाला कोण?"

"शेवटी तुम्ही."

"शेवटाला तिची जागा आहे," ते म्हणाले. ती म्हणजे आई. मी उठून ताटं मांडायला लागले.

रविवारी मी जायचंच नाही असं ठरवलं होतं. पहाटे खालून सायकलचा स्टँड उडवल्याचा आवाज आला आणि पाहते तो मुलगी दुरुस्त केलेल्या सायकलवर, अप्पांच्या मनगटाला रुमाल, दोघं निघालेली. मी चपला घालून धावले. आईची सायकल ओढली आणि त्यांच्यामागे लागले. गल्ल्यांतून धुकं भरलं होतं. नदीकडून ते असं येतं की दुकानांच्या पाट्या वरच्या वर तरंगतात आणि खालचं काही दिसत नाही. पुढे मला नुसता रुमाल दिसत होता, आणि त्याच्यामागे मुलीच्या सायकलचं लाल भिंग.

खांबापाशी रुमाल उभा राहिला. लाल भिंग थांबलं. रस्त्याच्या मध्ये.

आणि माझ्या मागून बसचे दिवे धुक्यात पिवळे व्हायला लागले.

मी ओरडले. बाजूला हो, डावीकडे हो, जे तोंडात आलं ते ओरडले. मुलीनं वळूनही पाहिलं नाही. कशी पाहणार? हाकेकडे लक्ष द्यायचं नाही, मागं बघायचं नाही, हाताकडे बघायचं, हे तिला आम्हीच शिकवलेलं. आणि हात सांगत होता, थांब. मी घंटी वाजवायला अंगठा नेला तर आईच्या सायकलच्या घंटीची वाटी गायब होती. मुलीची सायकल दुरुस्तीला बाहेर ओढताना ती निखळून कुठं पडली की आदल्या रात्री कुणी काढली, मला आजही माहीत नाही.

मग मी तेच केलं जे त्या ओळीत कुणी कधी केलं नव्हतं. उजवीकडून मुलीला ओलांडलं, अप्पांनाही ओलांडलं, त्यांच्या पुढे गेले आणि माझा उघडा हात बाजूला काढून गोल फिरवला. डावीकडे. मी मागं बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर नियम माझ्याही हाडात होता. मी स्वतः डावीकडे रस्त्याच्या कडेला लागले आणि हात फिरवत राहिले.

बस माझ्या कानाला लागून हॉर्न वाजवत गेली. मग शांत झालं. मग माझ्या मागच्या चाकाला एक चाक हलकेच टेकलं.

"मम्मी," मुलगी म्हणाली, "मला कळेना कुणाचा हात बघायचा. मग तू पुढं होतीस म्हणून तुझा बघितला."

मी रडले. रस्त्यात, सायकलवर बसून. मग अप्पा आठवले आणि नियम मोडून मी मागं पाहिलं. ते होते. जागच्या जागी, पाय टेकून. बस त्यांना वळसा घालून गेली असावी. धुक्यात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण त्यांनी आम्हाला पाहिलं होतं, कारण रुमाल खाली आला आणि झुलू लागला. मागून पुढे, मागून पुढे. पाचवी खूण.

"आजोबा आपल्याला पुढं जा म्हणतायत," मुलगी म्हणाली.

आम्ही पुढच्या खांबापर्यंत गेलो आणि कडेला थांबलो. ते येतील म्हणून वाट बघितली. ते आले नाहीत. रुमाल झुलतच होता. आम्ही दोघी तर पुढे निघून आलो होतो, त्यांच्या मागे रस्ता रिकामा होता, तरी ते कुणाला तरी पुढे सोडत होते.

मुलगी माझ्या दंडाला चिकटली. मीही तिला घट्ट धरलं. मला त्या वेळी अप्पांची काळजी वाटत नव्हती. मला त्या रिकाम्या रस्त्याची भीती वाटत होती, आणि तिकडून आता काही येईल याहून काहीच येणार नाही याची जास्त.

मग रुमाल थांबला. अप्पांनी मान डावीकडे कलती केली. आमच्या दोघींपैकी कुणीही घंटी वाजवली नव्हती, माझ्या सायकलला तर ती नव्हतीच. अप्पांनी मान हलवली, आणि पायडलवर पाय ठेवला.

डावी कड धरून ते आमच्यापाशी आले. नातीच्या कोपराकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात गार होता असं ती नंतर म्हणाली. मला वाटलं ते काही समजावतील, निदान दिव्याबद्दल काही बोलतील.

"आता तुम्ही दोघी पुढं चला," ते म्हणाले. "मागं आम्ही दोघं आहोत."

मी हात बाजूला काढून खूण केली आणि पुलाच्या दिशेनं निघाले. मागे मुलगी होती. तिच्या मागे कुणाकुणाच्या सायकलींचा आवाज येत होता ते मी ऐकलं, पण वळून पाहिलं नाही.