पाव, केक, कलिंगड आणि माझे हात

"ताई, हे घाला ना. हात डार्क येतायत फ्रेममध्ये."

रोहनने माझ्यापुढे पांढरे रबरी हातमोजे धरले. दवाखान्यात असतात तसले. टेबलावर कलिंगड, माझ्या हातात सुरी, डोक्यावर दोन झगझगीत दिवे. आणि कॅमेऱ्यासमोर बरोब्बर मधोमध, केतकी मॅम.

लक्षात आलं ना? ती मॅम, मी ताई. एकाच क्लासमध्ये, त्याच मुलांना, तेच गणित शिकवणाऱ्या आम्ही दोघी. ताई ही प्रेमाची हाक असते, मला ठाऊक आहे, मला धाकटे भाऊ आहेत. पण रोहन डबा पोचवणाऱ्या बाईंनाही ताई म्हणायचा आणि मलाही. मॅम एकटी केतकीच.

मी मोजे घातले. हो, घातले. आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिथेच सुरी आपटली.

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात हा इंजिनिअरिंगचा क्लास. रोहन मालकांचा मुलगा. मालकांना ऑनलाइन जायचं होतं आणि त्यासाठी निवडला होता माझा धडा.

माझा. हा शब्द मुद्दाम वेगळा लिहिते.

धडा असा. खोलीत एक माशी आहे. ती कुठे आहे ते तीन तऱ्हांनी सांगता येतं. या कोपऱ्यापासून इतकी पुढे, इतकी बाजूला, इतकी वर. किंवा मधल्या खांबापासून इतकी लांब, इतकी वळून, इतकी वर. किंवा केंद्रापासून इतकी दूर, उभ्या रेषेपासून इतकी कललेली, इतकी वळलेली. कार्टेशियन, सिलिंड्रिकल, स्फेरिकल. माशी तिथेच, पत्ता बदलतो. एका पत्त्यावरून दुसरा काढायचा, इथवर मुलं मजेत येतात. मग छोट्याशा तुकड्याचं घनफळ निघालं की रडतात. पहिल्या पद्धतीत काहीच नाही, दुसरीत मध्येच एक r, तिसरीत चक्क r² sin θ. "ये कहाँ से आया?"

मी ते बाजारातून आणायचे. लादीपाव: सगळे तुकडे सारखे, तक्रार नाही. गोल केक: तुकडा मध्याशी चिंचोळा, कडेला रुंद, म्हणून r. आणि कलिंगड, अंबरनाथहून रिक्षात मांडीवर घेऊन आणलेलं. फाक देठाजवळ निमुळती, पोटाशी रुंद. तेच ते sin θ. मुलांना आधी समजायचं, मग खायला मिळायचं.

केतकी बदलापूरची, नवीन लागलेली. माझ्या तासाला मागच्या बाकावर बसायची, मोबाइलवर रेकॉर्ड करायची. "ताई, किती क्यूट समजावता!" वाईट नव्हती हो ती. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. गणितही पक्कं होतं तिचं. आणि मी तिच्यावर जळायचे. तिच्या केसांवर. घरात वडिलांचं पुस्तकांचं कपाट होतं, त्यावर. तिचं इंग्रजी नळ सोडल्यासारखं यायचं, त्यावर. सगळ्यात जास्त कशावर, सांगू? मालकांच्या केबिनमध्ये ती 'बसा' म्हणायच्या आत बसलेली असायची. मी अजून, या वयात, कुणी सांगेपर्यंत उभी राहायचे.

"चेहरा केतकीचा ठेवू," मालक म्हणाले होते. "नॉलेज तुमचं, प्रेझेंटेशन तिचं. टीमवर्क."

पाव आणि केक तिने कापले. कलिंगड काही तिला जमेना. म्हणून माझे हात. मनगटापर्यंत.

"रोलिंग," रोहन म्हणाला.

मी फाक उचलून धरली. केतकीने फळ्यावर लिहिलं, r² sin φ.

"कट! मॅम, स्क्रिप्टमध्ये थीटा आहे. तुम्ही फाय लिहिलंत."

तिने जीभ चावली. "उप्स! आमच्या मॅथ्सच्या पुस्तकात उलटं असायचं. फिजिक्सवाले वेगळं लिहितात. सो कन्फ्यूजिंग!"

सगळे हसले. रोहन, दिवे लावणारा माणूस, मालक. मालक तर म्हणाले, "अगं, हुशार माणसांचंच होतं असं."

खरं होतं तिचं. गणिताच्या काही पुस्तकांत वळायचा कोन थीटा आणि कलायचा कोन फाय. भौतिकीत बरोब्बर उलट. कुणाचाही घोटाळा होईल.

माझा झाला होता. बी.एस्सी.ला, भौतिकीच्या तासाला. सरांनी फळ्यापाशी बोलावलं, स्फेरिकलचं कार्टेशियन कर म्हणाले. माझ्याकडे पुस्तक एकच, लायब्ररीतलं, गणिताचं. त्याप्रमाणे लिहिलं: x = r sin φ cos θ. मग y, मग z. त्या पद्धतीने शेवटपर्यंत बरोबर. सर वर्गाकडे वळले. माझ्याकडे नाही, वर्गाकडे.

"बघा. कोट्यातून आत आलं की थीटा काय आणि फाय काय."

वर्ग हसला. असाच, मोकळा, घरच्यासारखा. मी माझं बरोबर उत्तर माझ्याच हाताने पुसलं. त्या वर्गात पुन्हा तोंड उघडलं नाही. बाबा आनंदनगरच्या कारखान्यातून आले, म्हणाले, "कसं चाललंय कॉलेज?" मी म्हटलं, "मस्त."

तीच अक्षरं. तोच घोटाळा. तिची निघाली हुशारी. माझी निघाली जात.

दिव्यांखाली उभ्या उभ्या मला लख्ख दिसलं. इतके दिवस मी त्या पोरीच्या केसांवर जळत होते! काय वेडी मी. जळायचं होतं त्या 'उप्स'वर. चुकायचं आणि हसायचं. एवढी चैन मला कुणी कधी करू दिली नव्हती.

मी सुरी ठेवली. एकेक बोट सोडवत मोजे काढले, नाटकातली राणी काढते तसे. मला मजा यायला लागली होती, खोटं कशाला बोलू.

"काय झालं, ताई?" रोहन.

"मॅडम म्हणायचं. धडा माझा आहे. फळ्यासमोर मी उभी राहणार. नाहीतर हे शूटिंग इथेच थांबलं."

मालक उठून आले. "अहो, मुलीसारखी आहे ती तुम्हाला. इतकं जळायचं?"

"हो, जळते!" माझा आवाज खाली जिन्यापर्यंत गेला असेल. "ही चुकली, तुम्ही हसलात, रिटेक दिलात. मला रिटेक नव्हता. त्यावर जळते. आणि हात काळेच आहेत माझे. दाखवायचे तर चेहऱ्यासकट दाखवा."

केतकीचे डोळे भरले. "ताई... मॅडम, मला खरंच यातलं काही माहीत नव्हतं."

"माहीत नसणं परवडतं तुला. त्यावरही जळते."

"उद्यापासून यायचं का, विचार करा," मालक म्हणाले.

मी पर्स उचलली.

व्हिडिओ त्यांनी टाकलाच. कलिंगड केतकीने स्वतः कापून. मी रोज बघते आणि रोज जळते. फाक वाकडी कापली आहे, तेवढाच आनंद.

आता अंबरनाथलाच, मोरिवलीत मावसबहिणीच्या माडीवर माझा फळा आहे. मुलं थोडी येतात. गेल्या आठवड्यात एका मुलीने थीटा-फाय उलटे लिहिले आणि मागून एकजण कुजबुजला, "कॅटेगरीवाली आहे ना." मी खडू खाली ठेवला.

"मोठ्याने बोल."

तो हसला.

"बाहेर."

त्याला गंमत वाटली. मी त्याची बॅग उचलली आणि जिन्यात नेऊन ठेवली. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन. "मॅडम, एवढ्याशा गोष्टीवरून? असा क्लास चालायचा नाही तुमचा."

मी सांगितलं, जे मागे बसून बोलला ते त्याने पुढे येऊन बोलायचं. सगळ्यांसमोर. मग त्या मुलीची माफी मागायची, आणि ती हो म्हणाली तरच बसायचं. तोवर नाही.

तो अजून आलेला नाही. त्याच्याबरोबरचे दोघे यायचे थांबले. उरलेले जातील तर जावोत. माडी रिकामी पडली तर मी कुलूप घालीन, पण त्याला तसाच आत घेणार नाही.