कागदाची मापं

तिला सगळे टाचणी म्हणत. ओठांत कायम दोनचार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी, आणि जे बाहेर पडायचं ते टोकदार. पोरं टाचणीमावशी म्हणत, त्यांच्या आया नुसतं टाचणे म्हणून हाक मारत. नवरा होता तोवर तोही लाडात आला की 'माझी टाचणी' म्हणायचा. तो गेला, नावातला लाड गेला, नाव तेवढं मागे राहिलं.

घराची रस्त्याला लागून असलेली एक खोली हेच तिचं दुकान. खिडकीशी शिवणयंत्र, मधे कापड बेतायचं टेबल, कोपऱ्यात जाड पडदा. पडद्यामागे एक आरसा होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे. ज्या बाईला स्वतःला बघायचं असेल तिनं तो आपल्या हातानं वळवून घ्यावा. बऱ्याच जणी वळवत नसत.

भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्यावर खाकी कागदाची एक पट्टी. ती मापं. टाचणी कागद अंगाभोवती धरायची आणि जिथे टोक जुळेल तिथे कात्रीनं बारीक खाच पाडायची. कंबरेची खाच सरळ, छातीची तिरकी, मुंढ्याची दुहेरी. पट्टीच्या टोकाला त्या बाईच्या कपड्याची चिंधी टाचलेली, तीच ओळख. पट्टीवर आकडा कुठेच नाही. टेप तिच्याकडे होता, पण तो कापडासाठी. टेप माणसाच्या अंगाला लावायचा नाही आणि कुणाचं माप तोंडातून काढायचं नाही, हा तिचा नेम.

"सांग ना गं, वाढले का मी?" पडद्यामागून एखादी विचारायची.

"छे. कागद आखडलाय."

बाई हसत बाहेर यायची. वर्षानुवर्षं हाच विनोद, आणि वर्षानुवर्षं तो चालत होता.

या नेमाच्या मुळाशी काय होतं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी ती आणि तिची थोरली बहीण शाळेचा फ्रॉक शिवायला एका शिंप्याकडे गेल्या होत्या. तिथली पद्धत अशी, की मास्तर टेप लावून आकडा मोठ्यानं म्हणणार आणि गल्ल्यावरचा माणूस तो लिहून घेणार. बाकावर चार रिकामटेकडे बसले होते. त्यांनीही तो ऐकला. दुसऱ्या दिवशी बहीण रस्त्यानं चालली तेव्हा कुणीतरी तिला त्या आकड्यानं हाक मारली. मग तेच तिचं नाव झालं. कोपऱ्यावरची पोरं, सायकलवरचे मोठे बाप्ये, सगळे आकडा म्हणायचे आणि दुसरीकडे बघायचे. बहिणीनं आधी तो रस्ता सोडला. मग शाळा सोडली. मग खिडकीत उभं राहणंही सोडलं. लग्न झालं, मुलगी झाली, पण घराबाहेर पडताना फ्रॉक खाली ओढावा तसा हात कपड्याकडे जायची तिची सवय मरेपर्यंत गेली नाही.

तिची ती मुलगी आता टाचणीकडे राहत होती. भाची आईवर गेली नव्हती, एवढंच टाचणीला देवानं दिलेलं सुख वाटायचं. पोरगी दारातून यायची तीच बोलत, आणि झोपेपर्यंत थांबायची नाही.

कोपऱ्यावर फर्निचरचं दुकान होतं ते बंद पडलं आणि तिथे नवं हॉटेल आलं. दारावर मोठा फलक लागला. त्यात एक बाई हातात ट्रे घेऊन उभी होती, तोकड्या तंग कपड्यांत, आणि गळ्याच्या वर काहीच नाही. चित्रकाराला डोकं काढता येत नव्हतं असं नाही. वर हातभर जागा शिल्लक होती. आत वाढायला पोरी ठेवल्या, फलकावरच्यासारख्याच कपड्यांत. भाचीला तिथे काम लागलं.

"यंत्रापुढे बस ना माझ्या," टाचणी म्हणाली.

"यंत्रापुढे बसलं की मला माझंच डोकं ऐकू येतं. तिथे माणसं असतात गं. ट्रे न्यायचा, आणायचा, हसायचं. हसायला काय पैसे पडतात?"

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ठेवेपर्यंत पोरगी गेलीसुद्धा.

हॉटेलला वस्तीतून विरोध सुरू झाला तो हेडबाईंमुळे. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी आपली घडीची खुर्ची उचलली आणि संध्याकाळी हॉटेलच्या समोरच्या फुटपाथवर मांडली. मग बाकीच्या आल्या, स्टुलं घेऊन, विणकाम घेऊन, कडेवरची पोरं घेऊन. कापडावर लिहून लावलं : 'बाई म्हणजे मेनू नव्हे.' घोषणा वगैरे दोन दिवसांत संपल्या, घसे बसले. मग हेडबाईंना खरी युक्ती सुचली. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. गिऱ्हाईक दाराशी आलं की त्या खुर्चीतूनच प्रेमानं हाक मारायच्या, "काय रे, आईचे गुडघे कसे आहेत? माझा नमस्कार सांग हो. कुठे भेटलास तेही सांग."

कित्येक जण तिथूनच मागे फिरले. एक जण तर म्हणाला, "बाई, मी इकडे पत्ता शोधत आलो होतो." हेडबाई म्हणाल्या, "सापडला ना? मग जा घरी."

पण त्याच बायका हॉटेलचं मागचं दार उघडलं की वेगळ्याच आवाजात बोलायच्या. पोरी त्या दारानं कामावर जात. "लाजा कशा वाटत नाहीत गं?" "घरात आरसा आहे का नाही?" हे भाचीच्या कानांवर रोज पडत होतं.

"तुझ्या मैत्रिणींनी आज मला काय काय म्हटलं, सांगू?"

"मैत्रिणी नाहीत त्या. गिऱ्हाइकं आहेत."

"मग त्यांचे कपडे घोळदार शिव. वाऱ्यानं उडून जातील एकेक."

बोलता बोलता तिनं हात वर केला आणि चेहरा कसनुसा केला. काखेत लाल वळ उठला होता. हॉटेलनं सगळ्या पोरींना एकाच मापाचे तयार कपडे आणले होते. उंच असो की बुटकी, कपडा तोच. मुंढा मांसात रुतत होता. टाचणीनं तो कपडा काढून घेतला, टीप उसवली, आत दाबलेलं कापड मोकळं केलं, काखेत जादा कापडाची एक छोटी चौकोनी कळी घातली. बाहेरून काही कळत नव्हतं, पण हात वर जात होता. दुसऱ्या दिवशी भाचीनं आणखी तिघींचे आणले.

ते टेबलावर पडले असतानाच हेडबाई आपला कोट न्यायला आल्या.

"हे काय आहे?"

"मुंढा काचतो पोरींना."

"आम्ही तिथे थंडीत बसतो, आणि तू त्यांचे गणवेश दुरुस्त करतेस?"

टाचणीनं ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. एवढ्यावरूनच हेडबाईंनी ओळखायला हवं होतं.

"बाई, तुम्ही हॉटेल बंद करायला बसलात की पोरींना? पुढच्या दारानं जाणाऱ्याला त्याच्या आईचे गुडघे विचारता. मागच्या दारानं जाणारीला शिवी. तिलाही आई असतेच की. आमच्यावालीची तेवढी नाही."

हेडबाई कोट न घेताच गेल्या. चार दिवस त्या टाचणीच्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी दिवेलागणीला धापा टाकत दारात आल्या, चप्पलसुद्धा धड पायात नव्हती.

"टाचणे, ऊठ. आज तिथे स्पर्धा लावलीये. 'अंदाज सांगा, जेवण मिळवा.' पोरीला मधे उभी करणार, लोकांनी तिच्या अंगाचे आकडे सांगायचे आणि मग टेप लावून खरं काय ते बघायचं. सगळ्यांसमोर."

टाचणीनं टेपाच्या खिळ्याकडे बघितलं. टेप नव्हता. सकाळी भाची म्हणाली होती, "मावशी, टेप नेते गं, मॅनेजरला पडदे बदलायचेत." आणि टाचण्यांमुळे तिनं नुसती मान हलवली होती.

ती तशीच निघाली. रस्ता हाकेच्या अंतराचा, पण तिला वाटलं की तो आता संपणारच नाही, की याच्या दुसऱ्या टोकाला तोच बाक असणार आणि तेच चौघे, आणि आकडा तिच्या आधी पोचलेला असणार.

आत दिवे पिवळे होते. मॅनेजरच्या गळ्यात तिचा टेप लोंबत होता. मधोमध एका बुटक्या स्टुलावर भाची उभी. बोलकी पोरगी तोंड मिटून उभी होती आणि तिनं रिकामा ट्रे पोटाशी धरला होता, दोन्ही हातांनी. टेबलाटेबलांवरून आकडे येत होते, लिलावात येतात तसे. सगळ्यांत मोठा आवाज पुढच्या टेबलावरच्या गॅरेजवाल्याचा.

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून बाहीत खोचल्या. "टेप माझा आहे," ती म्हणाली.

मॅनेजर हुशार होता. "अरे वा! या मावशी या! मंडळी, आज खुद्द टेलरबाई माप घेणार!" टाळ्या पडल्या. त्यानं टेप काढून तिच्या हातात दिला.

भाचीनं तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत 'वाचव' नव्हतं. 'बघू नकोस' होतं.

टाचणी स्टुलाजवळून पुढे गेली आणि गॅरेजवाल्यासमोर थांबली.

"उठा."

"मी? अहो, माझं कशाला?"

"सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही बोलत होतात. मान तुमचा."

हशा उसळला. बाजूच्यांनी ढकलून त्याला उभा केला. तिनं टेप त्याच्या पोटाभोवती फिरवला. जिवंत अंगाला टेप लावायची तिच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. त्यानं श्वास आत ओढून धरला. आता त्याच्यावर आकडे पडू लागले, "दोन टायर धरा!", "ट्यूबसकट सांगा!" आणि दारात गोळा झालेल्या बायका त्यात सगळ्यांत पुढे. "सांग टाचणे," हेडबाई ओरडल्या, "मोठ्यानं सांग!"

आकडा तिच्या बोटाखाली होता. जिभेवर आला होता. एवढ्या वर्षांचं सगळं त्या एका आकड्यात भरून फेकता आलं असतं. मग तिला त्याचा कान दिसला. पाळीपर्यंत लाल झालेला. आणि त्याचा हात, जो सदरा खाली ओढत होता. खाली, आणखी खाली, जिथे ओढायला कापडच उरलं नव्हतं. तो हात ती ओळखत होती.

"श्वास सोडा," ती हळूच त्याला म्हणाली. "झालं."

"किती?" मॅनेजर.

तिनं टेप गुंडाळला. "ते यांचं आहे. मी कशाला सांगू?"

हसू कुणीतरी नळ बंद करावा तसं थांबलं. गॅरेजवाला बसला. त्यानं ताट जवळ ओढलं आणि मान वर केली नाही. मॅनेजर म्हणाला, "बरं, आता आपण..." पण त्याला साथ द्यायला कुणी उरलं नव्हतं. ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता तोच ताटात बघत होता.

टाचणीनं स्टुलाशी येऊन हात पुढे केला. चल म्हणाली नाही. भाची तिचा हात धरून उतरली, ट्रे स्टुलावर ठेवला आणि दाराकडे चालू लागली. पुढच्या दाराकडे.

बाहेर बायका उभ्या होत्या. पोरगी त्या तोकड्या कपड्यांत उंबऱ्यावर थबकली. बायकांच्या तोंडचे जे शब्द सवयीचे झाले होते ते निघेनात आणि दुसरे कुणी शिवूनच ठेवले नव्हते. मग हेडबाईंनी आपली घडीची खुर्ची पुढे सरकवली.

"बस. पाय दुखत असतील."

भाची बसली. तिचा आवाज परत आला. "हेडबाई, तुमची खुर्ची डुगडुगते हो."

"मी मास्तरीण झाले तेव्हापासून. बसणाऱ्यानं सावरून बसायचं."

कुणीतरी अर्धवट विणलेला स्वेटर तिच्या गुडघ्यांवर टाकला. सुया त्यात तशाच होत्या.

हॉटेल काही बंद पडलं नाही. पण त्या स्टुलावर चढायला दुसरी कुणी पोरगी तयार होईना, आणि मागच्या दाराशी आता बायका पोरींना चहा देऊ लागल्या. चहा पिता पिता पोरींनी काय काय सांगितलं ते हेडबाईंनी मालकाला त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोसमोर, सावकाश ऐकवलं. पुढे फलक उतरला. पोरींचे नवे सदरे टाचणीनं शिवले, प्रत्येकीचा तिच्या तिच्या कागदावरून. भाची मात्र तिथे परत गेली नाही. ती बसस्टँडवर तिकीटखिडकीत लागली, जिथे दिवसभर बोलण्याचेच पैसे मिळतात.

पण हे सगळं पुढचं. स्पर्धेच्या त्या संध्याकाळी घरी आल्यावर भाची पडद्यामागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग म्हणाली, "मावशी, माझं माप घे. आपलं माप."

टाचणी खाकी कागद घेऊन आत गेली. खाच पाडता पाडता, तोंडात टाचण्या नसताना, तिनं सांगितलं. शिंपी, बाक, सायकलवरचे लोक. तुझ्या आईला नाव होतं गं, पण ते कुणी घेत नसे. भाचीनं कागदाचं सुटं टोक आपल्या हातानं धरून ठेवलं. कागदाचा आवाज तेवढा होता.

मग टाचणीनं सगळ्यांत वरच्या खिळ्यावरची पट्टी काढली. पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या. टोकाला शाळेच्या फ्रॉकची चिंधी. "हे मी घेतलेलं पहिलं माप. तिचं."

भाचीनं ती पट्टी जपून, श्वास धरून, स्वतःच्या कंबरेभोवती फिरवली. टोक कंबरेच्या खाचेपर्यंत पोचेना. बोटभर अंतर राहिलं. ती त्या अंतराकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरले.

"पुरत नाही गं मला."

"श्वास सोड," मावशी म्हणाली. "कागद आखडलाय."

पोरगी रडता रडता हसली. आणि मग तिनं हात लांब करून आरसा वळवला.