ओल्या घोंगड्याचा वास

मी बारामतीत शाळेत विज्ञान शिकवतो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मीच वर्गाबाहेर काढलंय, त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

माझा थोरला भाऊ, दादा, जहाजावर फिटर होता. नोकरी सोडून लासुर्ण्याला घरी आला, तो मुंबईहून काचेची टाकी, मिठाची पाकिटं आणि मूठभर जिवंत पोवळं घेऊन. तपकिरी रंगाचं, दगडासारखं दिसणारं. उसाच्या गावात समुद्र आणला म्हणून लोक हसले. उन्हाळ्यात लाइट गेली की टाकीचं पाणी तापायचं. मग दादा आजोबांचं काळं घोंगडं भिजवून टाकीला गुंडाळायचा, माठाला फडकं गुंडाळतात तसं. घरची मेंढरं कधीच गेली होती, तेवढं घोंगडं राहिलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये दादा हार्ट अटॅकनं गेला. तेच घोंगडं अंगावर घालून त्याला नेलं. त्याच्याबरोबरच ते जळालं.

मे महिन्यात पोवळं पांढरंफटक पडलं. दादा म्हणायचा, "पांढरं म्हंजी मेलं न्हाय. उपाशी हाय. पाणी गार ठिवलं की रंग धरतंय." पण वहिनींना ते बघवेना.

"भाऊजी, घिऊन जावा त्यो दगूड," त्या म्हणाल्या.

त्या शनिवारी दुपारी मी लासुर्ण्याला निघालो. वहिनी दोन दिवस माहेरी कळंबला होत्या. त्या स्टँडवर भेटल्या, दोघांनी मिळूनच कुलूप काढलं. लाइट नव्हती. बादलीतलं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं.

टाकीतलं पाणी मात्र गार होतं... टाकीतला थर्मामीटर सव्वीस अंश दाखवत होता. काच बाहेरून ओली आणि तिला लोकरीचे काळे तंतू चिकटलेले. खोलीभर ओल्या घोंगड्याचा वास!

वहिनींनी एक तंतू बोटावर घेतला. इतके दिवस न रडलेल्या त्या खालीच बसल्या.

"महिनाभर वाट बघतीया, भाऊजी. माझ्यासाठी न्हाय आले... त्या दगडासाठी आले."

पोवळं मी नेलं नाही. पुढं लाइट गेली की वहिनी स्वतःचं लुगडं भिजवून टाकीला गुंडाळायच्या. दिवाळीपर्यंत पोवळ्यानं रंग धरला. वहिनींनी काही धरला नाही.

कुलूपबंद घरात काच कुणी भिजवली, मला आजही सांगता येत नाही. पण "तुमच्यासाठीच आला असेल, वहिनी" एवढं तरी तेव्हा म्हणता आलं असतं... तेही मला सुचलं नाही.